अंतर फक्त १६२ किमी, मग विमानाला पाऊण तास का लागतो?

दोन विमानतळांची नावं टाकली की अंतर आणि वेळ दाखवणाऱ्या वेबसाइट तुम्ही वापरल्याच असतील. पण त्यातली वेळ पाहून पुढचं तिकीट काढलं, तर फ्लाइट चुकू शकते. कसं, ते हवाईच्या दोन बेटांवरून समजून घेऊया.

ओआहू बेटावर होनोलुलु विमानतळ आहे आणि माउई बेटावर काहुलुई. मध्ये समुद्र, त्यामुळे रस्ता नाही. बहुतेक लोक विमानानेच ये-जा करतात.

अंतर कसं काढतात?

प्रत्येक विमानतळाचे अक्षांश-रेखांश ठरलेले असतात. या दोघांच्या अक्षांशात सुमारे ०.४२ अंशाचा आणि रेखांशात १.४९ अंशाचा फरक आहे. अक्षांशाचा एक अंश म्हणजे साधारण १११ किमी. रेखांशाचा एक अंश तिथे साधारण १०४ किमी भरतो, कारण विषुववृत्तापासून दूर गेलं की रेखांश जवळ येत जातात. म्हणजे ४७ किमी दक्षिणेला आणि १५५ किमी पूर्वेला. आता शाळेतला पायथागोरस लावा, उत्तर येतं साधारण १६२ किमी! लांबच्या अंतरासाठी मात्र पृथ्वीची गोलाई धरणारं सूत्र लागतं.

मग वेळेत घोळ कुठे होतो?

जेट विमान ताशी ८०० किमीने उडतं असं धरलं, तर १६२ किमीला १२ मिनिटं पुरायला हवीत. पण एअरलाइनच्या वेळापत्रकात साधारण ४० ते ४५ मिनिटं दिसतात. कारणं अशी:

- तिकिटावरची वेळ गेट सोडल्यापासून समोरच्या गेटला लागेपर्यंतची असते. धावपट्टीपर्यंत जाणं, रांगेत थांबणं, सगळं त्यात आलं.
- अमेरिकेत १०,००० फुटांच्या खाली विमानाला साधारणपणे २५० नॉट, म्हणजे ताशी सुमारे ४६३ किमीची वेगमर्यादा असते. एवढ्या छोट्या प्रवासात बराच वेळ चढण्या-उतरण्यातच जातो. पूर्ण वेग जेमतेम मिळतो.
- विमान सरळ रेषेत जात नाही. ठरलेल्या मार्गाने वळून धावपट्टीसमोर येतं.
- वाराही असतो. हवाईत बहुतेक वेळा ईशान्येकडून वारे वाहतात, म्हणून माउईकडे जाताना वारा बऱ्याचदा समोरून लागतो.

तुम्ही काय लक्षात ठेवायचं?

१. अंतराच्या वेबसाइटवरची वेळ हा फक्त अंदाज. प्लॅन करताना एअरलाइनचं वेळापत्रकच बघा.

२. तिकिटावर नेहमी त्या-त्या ठिकाणची स्थानिक वेळ असते. ही दोन्ही बेटं एकाच टाइम झोनमध्ये आहेत, त्यामुळे सरळ वजाबाकी चालते. पण हवाई भारताच्या साडेपंधरा तास मागे आहे. मुंबईहून निघताना तीच वजाबाकी केली तर हिशोब पूर्ण चुकेल.

३. दोन फ्लाइटची तिकिटं वेगवेगळी काढली असतील, तर जास्त काळजी घ्या. परदेशातून थेट होनोलुलुला उतरलात तर इमिग्रेशन, बॅग घेणं, कस्टम्स आणि पुन्हा सिक्युरिटी, एवढं सगळं तिथेच करावं लागतं. त्यात उशीर होऊन पुढची फ्लाइट गेली, तर सहसा नवीन तिकिटाचे पैसे आपल्याच खिशातून जातात.

थोडक्यात, अंतरावरून प्रवासाचा अंदाज घ्या, पण कनेक्शन ठरवताना गेट ते गेट वेळ आणि मधली कामं, दोन्ही मोजा.