खरेदीवरील कर : खर्च की येणे?

विक्रीवर कर बसवण्याचा भारतातील आरंभीचा प्रयोग आपल्या वऱ्हाडातही झाला होता. मध्य प्रांत व वऱ्हाड सरकारने १९३८ साली मोटार इंधन व वंगणतेलाच्या किरकोळ विक्रीवर कर बसवला. वाद फेडरल न्यायालयापर्यंत गेला आणि प्रांताचा अधिकार मान्य झाला. १९४७ च्या विक्रीकर कायद्याने इतर मालही या कक्षेत आला. खरेदीत भरलेला कर पुढील विक्रीकरातून वजा करणे हा मात्र सर्वसाधारण नियम झाला तो १ एप्रिल २००५ च्या व्हॅटने आणि १ जुलै २०१७ पासूनच्या जीएसटीने. या वजावटीला दुकानदार ‘आयटीसी’ म्हणतात.

मालेगाव तालुक्यातील किन्हीराजा हा सोयाबीन-तुरीचा मुलूख, म्हणून उदाहरण कृषी सेवा केंद्राचेच घेऊ. अकोल्याहून १०,००० रुपयांची कीटकनाशके आली. त्यावर केंद्राचा ९ टक्के व राज्याचा ९ टक्के कर धरून बिल ११,८०० चे. खरेदी खाते नावे १०,०००, आयटीसीची दोन खाती नावे ९००-९००, घाऊक व्यापारी जमा ११,८००. म्हणजे हे १,८०० खर्चात पडत नाहीत, ते येणे ठरते. माल १२,००० ला विकला की कर २,१६०. त्यातून १,८०० वजा जाता रोख भरायचे ३६०. तोच माल इंदूरहून आला असता, तर दोन खात्यांऐवजी एकात्मिक कराचे एकच खाते.

दीड कोटीपर्यंत उलाढाल असलेल्या व्यापाऱ्याने कंपोझिशन योजना घेतली, तर तो एक टक्का कर भरतो, पण वजावट मिळत नाही. त्याची खरेदी थेट ११,८०० ची. फक्त मालाचा व्यापार करणाऱ्या, चाळीस लाखांच्या आतल्या बिननोंदणी दुकानाचेही तसेच.

कृषी केंद्राची खरी गुंतागुंत वेगळीच आहे. कीटकनाशकांवर १८ टक्के, खतांवर ५ टक्के, बियाणे करमुक्त. त्यामुळे दुकानाच्या संगणकावर भरलेल्या कराची वजावट बियाण्याच्या विक्रीच्या प्रमाणात सोडावी लागते. किरकोळ वाटणारी हीच नोंद बहुधा राहून जाते.

शिवाय बिल हाती असून भागत नाही. विक्रेत्याने ते आपल्या विवरणात दाखवले, तरच ते खरेदीदाराच्या ‘टू-बी’ तक्त्यात उमटते. आणि घाऊक व्यापाऱ्याचे पैसे बिलाच्या तारखेपासून १८० दिवसांत चुकते झाले नाहीत, तर घेतलेली वजावट व्याजासह परत करावी लागते. पैसे दिल्यावर ती पुन्हा घेता येते. इकडे गिऱ्हाईक शेतकऱ्याची उधारी पिकावर. जूनच्या बिलाची मुदत डिसेंबरात संपते. सोयाबीन तोवर विकून झालेले असते; तूर मात्र बहुधा शेतातच उभी असते.