पोरावर उपचार किती करायचे?



सेरेब्रल पाल्सी किंवा स्वमग्नता असलेल्या पोराला घेऊन आपली मंडळी मुंबईला जातात, गिरगावात पाव्हण्यांकडे उतरतात नि दवाखान्यांच्या चकरा मारतात. पण उपचार किती करायचे? माती तपासल्याशिवाय आम्ही खताची मात्रा सांगत नाही, इथंही तसंच. फिटा येत असतील तर औषध डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नये. बाकी उपचारांत पोराची अडचण बघावी: गिळणं, बोलणं, चालणं. नुसते हात हलवतो, याची लाज आपल्याला; त्यापायी पैसा घालू नये.

कुलाब्यात १९७२ साली मिठू अलूर यांनी स्पास्टिक्स सोसायटी काढून उपचारांना शाळेची जोड दिली. २०१६ च्या कायद्यानं ४० टक्के वा अधिक अपंगत्व असलेल्या मुलांना १८ वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. तेव्हा चकरांपायी पोराची शाळा नि खेळ बुडवू नका.