बैठकीची दोन हाडं

सोलापूरजवळच्या कुंभारीतल्या गोदूताई परुळेकर वसाहतीत विडी कामगार बायांसाठी २००६ साली १० हजार घरं उभी राहिली. मांडीवर सूप, भिजवून कापलेलं तेंदूचं पान, चिमूटभर तंबाखू, दोऱ्याचा वेढा. बघणाऱ्याची नजर त्यांच्या बोटांवर खिळते. मला नवल वाटतं ते तासन्‌तासांच्या बैठकीचं, आणि ती पेलणाऱ्या दोन हाडांचं.

फरशीवर ताठ बसा आणि तळहात उताणा करून एका बाजूने बुडाखाली सरकवा. टणक उंचवटा हाताला लागेल. ही आसनास्थीची गाठ, दोन्हीकडे एकेक. तिचा तळ झुलत्या खुर्चीच्या पायासारखा गोलाईदार असतो, म्हणून बसल्याबसल्या पुढेमागे डोलता येतं.

आता उभे राहून तीच गाठ शोधा. सहज सापडत नाही, कारण तिच्यावर नितंबाच्या मोठ्या स्नायूचं पांघरूण असतं. बसताना मांडी पुढे वळली, की तो स्नायू वर सरकतो आणि गाठ मोकळी पडते. आपण मांसावर बसतो असं वाटतं, पण ऐन गरजेला मांस बाजूला होतं! खाली उरतात कातडी, चरबी आणि द्रवाची एक पातळ पिशवी. ही पिशवी सुजली की बसणं नकोसं होतं. मागावर तासन्‌तास बसणाऱ्यांना हे व्हायचं, म्हणून युरोपात हे दुखणं विणकरांच्या नावानेच ओळखलं गेलं. विणकरांच्या सोलापूरला ते वेगळं सांगायला नको.

डोक्याचा आणि धडाचा भार कण्यातून त्याच्या तळाशी असलेल्या त्रिकास्थीवर येतो. उभे असताना तो तिथून मांडीच्या हाडांकडे वळतो, बसलो की या दोन गाठींकडे. कटीराच्या एकाच कड्यात दोन कमानी! लहानपणी हे कडं एकसंध नसतंच. श्रोणी अस्थी, आसनास्थी आणि जघनास्थी खुब्याच्या खोबणीत कूर्चेने जोडलेली असतात. ती वयाच्या पंधराव्या वर्षाच्या आसपास सांधतात. गाठीचं टोक तर विशीच्या आसपास पक्कं होतं. म्हणजे शाळेच्या बाकावरच्या मुलीची बैठक अजून घडतच असते. पुढे बाईच्या या दोन गाठींमध्ये पुरुषापेक्षा जास्त अंतर राहतं. त्यामधूनच बाळाचं डोकं बाहेर येतं. प्रसूतितज्ज्ञ तिथे मूठ टेकवून वाट पुरेशी आहे का, याचा अंदाज घेतात. कुंभारीतच अश्विनी ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय आहे. तिथल्या पहिल्या वर्षाच्या मुलांना ही हाडं हातात घेऊन शिकावी लागतात.

बसल्यावर या गाठींच्या छोट्याशा जागेवर भार पडला की तिथल्या केशवाहिन्या दबतात. म्हणून आपण नकळत सारखी बैठक बदलत असतो. मणक्याच्या इजेमुळे ज्यांची तिथली जाणीव गेली, त्यांना नेमक्या याच गाठींवर जखमा होतात.

मांडी घातली की कटीर मागे कलंडतं, कंबरेचा बाक सपाट होतो आणि कंबर भरून येते. विडीची मजुरी हजारावर ठरते; उठलं की कमाई थांबते, हे खरंच आहे. म्हणून उपाय बसल्या जागचाच सांगतो. सोलापुरी चादरीची जाड घडी बुडाखाली घ्या, गुडघे त्याहून खाली राहू द्या. कटीर आपोआप पुढे झुकेल. आणि पान भिजवायच्या निमित्ताने का होईना, अधूनमधून उठा.