कुलूप फक्त चोरानेच का उघडायचं?

ज्यांना हेडफोन लावून निवांत ऐकायला जमलं नाही, त्यांच्यासाठी या भागाचं हे लेखी रूप. माझे "म्हणजे काय ना" तेवढे गाळलेत, बाकी सगळं बोललो तसंच आहे.

आजचा प्रश्न फँटसी रोलप्लेइंग गेम खेळणाऱ्या प्रत्येक ग्रुपमध्ये कधी ना कधी येतोच. तळघरात एक दार आहे, दाराला कुलूप आहे. ग्रुपमधला चोर बेशुद्ध पडलाय, किंवा ते पात्र खेळणारा मित्र आज आलेलाच नाही. मग योद्धा विचारतो, "मी ट्राय करू का?" आणि डीएम, म्हणजे गोष्ट चालवणारा, म्हणतो, "नाही, तुझा तो क्लास नाही." टेबलावर एकदम शांतता. हा "नाही" आला कुठून? आणि तो म्हणावा का?

नवीन मंडळींसाठी आधी एक खुलासा. इथे क्लास म्हणजे शिकवणी नव्हे. क्लास म्हणजे तुमच्या पात्राचा पेशा: योद्धा, जादूगार, धर्मगुरू वगैरे. पेशा ठरला की काय येतं आणि काय येत नाही, हे बरंचसं ठरून जातं.

चोर नव्हता तेव्हा

डंजन्स अँड ड्रॅगन्स हा गेम आला १९७४ साली. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा. गंमत म्हणजे त्या पहिल्या संचात चोर नव्हताच! क्लास तीनच होते: योद्धा, जादूगार आणि धर्मगुरू. मग दारं कशी उघडायची? खांदा लावून. सहा बाजूंचा फासा टाकायचा, १ किंवा २ आला की दार उघडलं. किंवा जादूगाराने "नॉक" हा दुसऱ्या पातळीचा मंत्र म्हणायचा. बाकी सगळं बोलून. "मी फटीतून सुरी घालून कडी वर उचलतो", असं खेळाडू सांगणार आणि जमतंय की नाही ते डीएम ठरवणार.

१९७५ मध्ये "ग्रेहॉक" नावाची पुरवणी आली आणि तिच्यातून चोर हा क्लास पुस्तकात आला. कुलूप उघडणं, सापळे निकामी करणं, खिसे कापणं, आवाज न करता चालणं, सावलीत लपणं. प्रत्येक कामाला टक्केवारी.

आता इथे नीट लक्ष द्या. "इतरांना हे करता येणार नाही" असं मोठ्या अक्षरात लिहायची गरजच नव्हती. चोराच्या रकान्यात "कुलूप उघडणे" लिहिलं की योद्ध्याच्या रकान्यात ते नाही, हे आपोआप दिसतं. काल जो सुरी घालून कडी उचलत होता, त्याला आज कोणीतरी म्हणणार, "थांब, ते चोराचं काम आहे." एकाला कौशल्य दिलं की बाकीच्यांकडून ते न बोलता काढून घेतलं जातं. जुने गेमर आजही यावर तावातावाने भांडतात, ते याचसाठी.

बरं, त्या चोराला तरी काय मिळालं? १९८१ च्या बेसिक पुस्तकात पहिल्या लेव्हलच्या चोराला कुलूप उघडायची शक्यता आहे १५ टक्के. एका कुलपावर एकच प्रयत्न. फसला, तर पुढची लेव्हल येईपर्यंत त्याच कुलपाला हात लावायचा नाही. म्हणजे ज्या कामासाठी त्याला सोबत आणलं, ते काम शंभरातून ८५ वेळा होणार नाही!

दार किलकिलं झालं

पुढे नियम सैल होत गेले. १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीत चोराला सुरुवातीला ६० गुण मिळाले, आपल्या मर्जीने वाटायला. पण कुलूप अजून त्याचंच.

२००० च्या तिसऱ्या आवृत्तीत चोराचं नाव झालं रोग. (आजार नव्हे हो, भामटा! मी आपलं चोरच म्हणतो.) इथे पहिल्यांदा कोणीही कुलूप उघडायला शिकू शकत होतं. पण परक्या क्लासच्या कौशल्यासाठी दुप्पट गुण मोजायचे, आणि वर चढायची मर्यादाही निम्मी.

हिशोब करून बघू. पहिल्या लेव्हलला चोर जास्तीत जास्त ४ पायऱ्या घेऊ शकतो, योद्धा २. चपळाईचे ३ धरले तर चोराचा आकडा ७. योद्धा सर्वसाधारण चपळ असेल, तर त्याचा २ च. साध्या, मध्यम कुलपाला लागतात २५. वीस बाजूंच्या फाशावर अगदी २० आले तरी योद्धा अडकला २२ वर. आणखी एक नियम होता: घाई नसेल तर दोन मिनिटं शांतपणे बसा आणि २० आले असं धरा. चोर दोन मिनिटांत २७ ला पोचतो, कुलूप उघडतं. योद्धा दिवसभर बसला तरी २२. परवानगी कागदावर मिळाली, दार मात्र बंदच राहिलं.

खरा बदल २०१४ च्या पाचव्या आवृत्तीत दिसतो. तिथे क्लाससोबत पात्राची पार्श्वभूमीही निवडायची असते. "गुन्हेगार" किंवा रस्त्यावर वाढलेलं पोर ही पार्श्वभूमी घेतली, की चोराची हत्यारं वापरायचं कसब मिळतं, मग क्लास कुठलाही असो. पुस्तकातल्या नेहमीच्या कुलपाला लागतात १५. गुन्हेगार पार्श्वभूमीचा, बऱ्यापैकी चपळ जादूगार +४ घेऊन बसला, तर ५० टक्के. चोर +५ वर ५५ टक्के, आणि त्याने त्यात खास प्रावीण्य घेतलं तर ६५. दरी आता एवढीशीच उरली.

मला हे पटतं, कारण कुलूप कोणाला येतं हे पेशावर नाही, आयुष्यावर ठरतं. खऱ्या जगातच बघा. फ्रान्सचा राजा सोळावा लुई हौसेने कुलपं बनवायचा. १८५१ मध्ये लंडनच्या मोठ्या प्रदर्शनाच्या वेळी आल्फ्रेड हॉब्ज या अमेरिकन माणसाने ब्रामा कंपनीचं, कोणालाच उघडत नाही म्हणून गाजलेलं कुलूप उघडून दाखवलं. दोन आठवड्यांहून जास्त दिवस, मिळून ५० तासांच्या वर काम. हा चोर नव्हता, कुलूपवाला होता!

मग बंधन काढूनच टाकायचं?

थांबा. इथे दुसरी बाजू आहे, आणि ती मला तितकीच महत्त्वाची वाटते.

पाच जण टेबलावर आहेत, तीन तासांचा खेळ आहे. योद्ध्याला लढाईत भाव, जादूगाराला सगळीकडेच भाव. चोर घेणारा खेळाडू कशाची वाट बघत असतो? त्या एका दाराची. सगळे श्वास रोखून त्याच्याकडे बघतात, तो फासा उचलतो. बुजऱ्या खेळाडूसाठी तो क्षण फार मोठा असतो. तिथे जादूगार "मी नॉक टाकतो" म्हणून मोकळा झाला, की त्या चोराने करायचं काय? मोबाईल बघायचा. हे मी डिस्कॉर्डवरच्या खेळातही बघतो: एखाद्याचा माईक म्यूट होतो आणि तासभर म्यूटच राहतो.

म्हणजे बंधनामागचा हेतू चुकीचा नव्हता. प्रत्येकाची पाळी यावी, एवढाच तो हेतू. पण "तुला येत नाही" हा त्यावरचा सगळ्यात आळशी उपाय.

पाचव्या आवृत्तीने नॉक मंत्राला एक छान लगाम घातलाय. मंत्र टाकला की धाडकन आवाज होतो, ३०० फुटांपर्यंत ऐकू जाणारा. कुलूप उघडलं, पण आतल्या सगळ्यांना कळलं! माझ्या मते उत्तर इथेच आहे. दार कोणीही उघडू दे, पण प्रत्येकाची किंमत वेगळी ठेवा.

योद्ध्याने लाथ मारली तर दार तुटेल, पहारेकरी जागे होतील, आणि मागे कोणी लागलं तर ते दार पुन्हा लावता येणार नाही. जादूगाराचा एक मंत्र खर्च होईल आणि आवाज होईल तो वेगळाच. चोराला वेळ लागेल, पण आवाज नाही, खूण नाही, आणि जाताना तो कुलूप परत लावूनही जाईल. सकाळपर्यंत कोणाला कळणार नाही की इथे कोणी आलं होतं. चोराला खास बनवते ती ही सफाई.

मग "मी ट्राय करू का?" असं योद्ध्याने विचारलं, की डीएमने "नाही" म्हणायची गरज उरत नाही. "कर की, पण आवाज होईल. चालेल?" एवढं विचारा. आता निर्णय सगळ्या टेबलाचा झाला. आणि बघा हं, पाचातले तीन जण आपोआप चोराकडे वळून म्हणतील, "तूच बघ ना रे जरा!"

म्यूट काढायला तेवढं पुरतं.

तुमच्या टेबलावर कुलूप कोण उघडतं, ते कमेंटमध्ये लिहा. नियम वाकवला असेल तर कसा वाकवला, तेही सांगा. पुढच्या भागात सापळ्यांबद्दल बोलू. तोवर फासे नीट ठेवा, पलंगाखाली जातात ते!