पुणेरी पलटणची संघबांधणी

पुणेरी पलटण हा प्रो कबड्डी लीगमधील पुण्याचा संघ असून तो २०१४ च्या पहिल्या पर्वापासून स्पर्धेत सहभागी आहे. करारबद्ध खेळाडूंपैकी कोणास कायम ठेवावे व कोणास लिलावासाठी मुक्त करावे, हा निर्णय प्रत्येक संघास पर्वापूर्वी घ्यावा लागतो.

विजेतेपद

२०२३ च्या लिलावात प्रत्येक संघास ५ कोटी रुपयांची खर्चमर्यादा होती. पुणेरी पलटणने त्यातील २.३५ कोटी रुपये इराणचा बचावपटू मोहम्मदरेझा शादलू याच्यावर खर्च केले. परिणामी उर्वरित संघात अस्लम इनामदार, मोहित गोयत, आकाश शिंदे अशा तरुण खेळाडूंवर भिस्त राहिली. १ मार्च २०२४ रोजी हैदराबाद येथे हरियाणा स्टीलर्सचा २८–२५ असा पराभव करून संघाने पहिले विजेतेपद मिळवले. शादलूने त्या पर्वात पकडींचे सर्वाधिक ९९ गुण मिळवले.

बचावफळीतील बदल

पुढील लिलावापूर्वी शादलूला मुक्त करून उजवा कोपरारक्षक गौरव खत्री, उजवा मध्यरक्षक अभिनेश नडराजन व संकेत सावंत यांना कायम ठेवण्यात आले. हरियाणाने शादलूला २.०७ कोटी रुपयांत घेतले आणि अकरावे पर्व जिंकले. पुणेरी पलटणला मात्र बाद फेरी गाठता आली नाही. २०२५ मध्ये तरुण बचावफळीसह संघ पुन्हा अंतिम फेरीत पोहोचला. तेथे दबंग दिल्लीने त्यास ३१–२८ असे हरवले.