‘एचएमटी’ तांदळाला हे नाव कसं पडलं आणि तो शोधला कुणी?

विदर्भातल्या किराणा दुकानात ‘एचएमटी आहे का?’ असं विचारलं की दुकानदार बारीक तांदळाचं पोतं पुढे करतो. हे एखाद्या बियाणे कंपनीचं किंवा सरकारी केंद्राचं लघुनाम असेल, असं अनेकांना वाटतं. प्रत्यक्षात हे मनगटी घड्याळाचं नाव आहे. आणि ज्या धानाला ते चिकटलं, ते धान शोधलं चंद्रपूर जिल्ह्यातल्या दीड एकराच्या एका शेतकऱ्याने.

दादाजी रामाजी खोब्रागडे हे त्यांचं नाव. गाव नांदेड. मराठवाड्यातलं नव्हे, तर सिंदेवाहीला लागून असलेल्या नागभीड तालुक्यातलं. शिक्षण तिसरीपर्यंत. हा झाडीपट्टीचा मुलूख. इथे जंगल, तलाव, बोड्या आणि त्यांच्या पाण्यावर धान. 1983 साली दादाजींच्या बांधीत ‘पटेल 3’ हा वाण उभा होता. त्यात त्यांना तीन लोंब्या वेगळ्या दिसल्या. दाण्याचा रंग पिवळसर होता आणि बाकीच्या धानाशी त्यांचा मेळ बसत नव्हता. पिकात अशी चार-दोन वेगळी झाडं दिसणं नवीन नाही. बहुतेक जण त्यांना भेसळ समजतात आणि सगळ्यांबरोबर मळून टाकतात. दादाजींनी त्या लोंब्या खुडून प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवल्या.

पुढच्या हंगामात त्यांनी ते दाणे वेगळे पेरले. रानडुकरांपासून वाचावेत म्हणून भोवती काट्याकुट्यांचं कुंपण केलं. आलेल्या पिकातून पुन्हा हवे तसे दाणे निवडले, पुन्हा पेरले. असं सुमारे पाच वर्षं चाललं.

पाचच वर्षं का? इथे धानाचा स्वभाव कामी येतो. धान स्वपरागीत पीक आहे, म्हणजे फुलातले पराग बहुतेक वेळा त्याच फुलाला मिळतात. परक्या झाडाशी संकर क्वचितच होतो. वेगळं दिसणारं झाड अशा क्वचित झालेल्या संकरातून येतं, जनुकातल्या आपोआप झालेल्या बदलातून येतं, नाहीतर दुसऱ्या वाणाचा दाणा मिसळल्यामुळे. संकरातून आलं असेल, तर त्याच्या पुढच्या पिढ्यांत एक रोप उंच, एक बुटकं, एकाचा दाणा जाड, एकाचा बारीक, असा गोंधळ दिसतो. पण दर पिढीला हा मिश्रपणा साधारण निम्म्याने घटतो. पाच पिढ्यांनंतर तो मूळच्या बत्तिसाव्या हिश्शावर येतो. त्यात दरवर्षी निवड करणारा डोळा असला की वाण स्थिर होतो. कृषी महाविद्यालयात हेच शिकवतात. दादाजींनी ते बांधीत करून पाहिलं.

नव्या धानाचा दाणा बारीक होता, गिरणीत तांदळाचा उतारा चांगला पडत होता आणि भातही चवीला सरस होता. 1990 मध्ये एका मोठ्या शेतकऱ्याने त्यांच्याकडून दीडेक क्विंटल बियाणं नेलं. त्याचं धान जवळच्या तळोधीच्या बाजारात आलं, तेव्हा व्यापाऱ्यापुढे प्रश्न पडला की याला म्हणायचं काय? त्या काळी हिंदुस्थान मशीन टूल्सचं घड्याळ मनगटावर असणं मानाचं होतं. व्यापाऱ्याने धानाला तेच नाव देऊन टाकलं. ते इतकं रुळलं की शेजारच्या राज्यांतही बारीक तांदूळ याच नावाने ओळखला जाऊ लागला.

दादाजींना मात्र त्यातून फारसं काही मिळालं नाही. याचं कारणही त्याच स्वपरागणात आहे. संकरित बियाणं शेतकऱ्याला दरवर्षी विकत घ्यावं लागतं. एचएमटीसारख्या वाणाचं तसं नाही. एकदा पायलीभर बी नेलं की घरच्या पिकातूनच पुढचं बी निघतं, आणि ते मूळ वाणासारखंच असतं. म्हणजे पहिला गिऱ्हाईक दुसऱ्या वर्षी स्वतःच बियाणेवाला होतो. ज्या गुणामुळे वाण गावोगावी पसरला, त्याच गुणामुळे तो शोधणाऱ्याचा खिसा रिकामा राहिला.

सिंदेवाहीचा संबंध इथे येतो. डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाचं भात संशोधन केंद्र तिथे आहे. राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठानच्या नोंदीनुसार 1994 मध्ये केंद्राने दादाजींकडून पाच किलो बियाणं प्रयोगासाठी नेलं. 1998 मध्ये विद्यापीठाने ‘पीकेव्ही एचएमटी’ हा वाण प्रसारित केला. विद्यापीठाच्या लेखी तो एचएमटीमधून शुद्ध वंश निवडून तयार केलेला वाण होता. शुद्धीकरण हे खरोखरचं काम आहे, ते नाकारण्याचं कारण नाही. पण ज्या माणसाच्या बियाण्यावर ते झालं, त्याचं नाव वाणात कुठेच आलं नाही. ज्यातून तीन लोंब्या निघाल्या त्या ‘पटेल 3’मध्ये पैदासकार डॉ. पटेल यांचं आडनाव आहे, एचएमटीत घड्याळाचं नाव आहे आणि पीकेव्हीत विद्यापीठाचं.

1998 मध्ये दादाजी हक्क मागायला गेले असते तरी त्यासाठी कायदाच नव्हता. पिकांचे वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायदा संसदेत मंजूर झाला तो 2001 मध्ये, आणि नोंदणी करणारं प्राधिकरण 2005 मध्ये स्थापन झालं. या कायद्याने शेतकऱ्यालाही आपल्या वाणाची नोंदणी करता येते. शिवाय घरचं बी राखून पुन्हा पेरण्याचा, देवाणघेवाणीचा आणि ब्रँडचं नाव न लावता विकण्याचा त्याचा हक्क शाबूत राहतो. एचएमटी मात्र तोवर कधीचा घराघरात पोचला होता.

2005 मध्ये राष्ट्रपती ए. पी. जे. अब्दुल कलाम यांच्या हस्ते दादाजींचा सन्मान झाला. 2010 मध्ये ‘फोर्ब्स’ने ग्रामीण भारतातल्या प्रभावी उद्योजकांच्या यादीत त्यांना घेतलं. पैशाची चणचण तरीही सुटली नाही. 3 जून 2018 रोजी, पक्षाघाताच्या दीर्घ आजारानंतर, गडचिरोली जिल्ह्यात त्यांचं निधन झालं.

एचएमटीनंतरही त्यांची निवड थांबली नव्हती. आणखी अनेक वाण त्यांनी काढले. आता नाव ठेवायला ते व्यापाऱ्यावर अवलंबून राहिले नाहीत. काहींना त्यांनी गावाचं नाव दिलं: नांदेड 92, नांदेड चिन्नोर, नांदेड हिरा. आणि एकाला दादाजी रामाजी खोब्रागडे या स्वतःच्या नावाची आद्याक्षरं दिली: डीआरके.