बोरू, शाई आणि घोटींव कागद : हस्तलिखितांच्या परीक्षेंत लेखनसाधनांचें स्थान

हस्तलिखित हातीं आलें म्हणजे आपले संशोधक प्रथम त्यांतील मजकूर वाचतात, मग शक-संवत्सर पाहतात, आणि तो नसल्यास अक्षराच्या वळणावरून काळ ठरविण्याचा यत्न करितात. हा क्रम योग्यच आहे. परंतु तें अक्षर ज्या बोरूनें, ज्या शाईनें व ज्या कागदावर उमटलें, त्या साधनांकडे क्वचितच कोणाचें लक्ष जातें. वळण हें केवळ हाताचें नसतें, हत्याराचेंही असतें. हत्यार कसें घडलें हें ठाऊक नसतां वळणावरून काढलेलीं अनुमानें पुष्कळदां फसतात, आणि पोथी हाताळण्यांतही प्रमाद घडतात. असा एक प्रमाद आमच्या हातून घडला आहे. तो यथास्थळीं सांगूं.

प्रथम शब्दांविषयीं थोडें. संस्कृतांत लेखनाचे दोन धातु : लिख् म्हणजे ओरखडणें, आणि लिप् म्हणजे माखणें. दक्षिणेकडे ताडपत्रावर लोखंडी शलाकेनें अक्षर कोरून मग त्यांत काजळी भरीत. उत्तरेकडे भूर्जपत्रावर व ताडपत्रावरही शाईनेंच लिहीत. एक क्रिया पहिल्या धातूस साजेशी, दुसरी दुसऱ्यास. पाणिनीनें लिपिकर व लिबिकर हीं दोन्ही रूपें दिलीं आहेत (३.२.२१), आणि शाहबाजगढीच्या अशोकलेखांत 'दिपि' असें तिसरें रूप सांपडतें, जें इराणी भाषेंतून आलें असें विद्वान् मानितात. तेव्हां लिप् धातूवरून केलेली व्युत्पत्ति कितीही गोड वाटली तरी तिच्यावर फार भार टाकूं नये. मराठींतील शब्द तर उघडच परके आहेत. कागद फारसी, दौत व कलम अरबी, आणि शाई म्हणजे फारसी 'सियाही', काळेपणा. बोरू मात्र आपला आहे, कारण तो आपल्या नदीकांठीं उगवतो.

बोरू छाटणें ही लेखकाची पहिली विद्या. आम्ही लहान असतां शाळेंत कित्ता बोरूनें गिरवीत असूं. परंतु तो छाटून देणें हें गुरुजींचें काम, विद्यार्थ्याच्या हातीं चाकू मिळत नसे. पक्व, पिवळसर, सरळ आणि दाट अंगाचा बोरू निवडावा. कोंवळा बोरू शाई पिऊन फुगतो व त्याचें टोंक चार ओळींत बसतें. प्रथम लांब तिरपा काप घेऊन पोटाचा भाग मोकळा करावा, आंतील मऊ भेंड खरवडून काढावें, दोन्ही बाजू निमुळत्या कराव्या, मधोमध बारीक चीर द्यावी, आणि शेवटीं टोंक हाडाच्या किंवा शिंगाच्या तुकड्यावर ठेवून एकाच घावानें तिरपें छाटावें. हा शेवटचा घाव दोनदां घातला कीं कांठ फाटतो, आणि तो फाटका कांठ प्रत्येक अक्षराच्या कडेला उमटतो. कलमतराश म्हणून जो लहान चाकू जुन्या कलमदानांत मिळतो, तो याच कामाचा. संग्राहक मंडळी त्यास कागद कापण्याची सुरी समजून वेगळा काढितात, तें बरें नव्हे.

तिरप्या छाटाचें महत्त्व नीट ध्यानांत घेतलें पाहिजे. टोंकाची धार कागदाशीं अर्ध्या काटकोनांत धरली, तर आडवी व उभी या दोन्ही रेघा सारख्याच जाडीच्या येतात. दोन तिरप्या रेघांपैकीं एक केसासारखी बारीक व तिच्या उलट दिशेची सर्वांत जाड होते. नागरी अक्षराचा डौल यांतच आहे. यावरून एक मापही मिळतें. सर्वांत जाड तिरपी रेघ म्हणजे टोंकाची पूर्ण रुंदी, आणि दंडाची जाडी तिच्या सुमारें सात दशांश भरते. हें प्रमाण बिघडलें तर धार कमी अधिक तिरपी धरली होती असें समजावें. एकाच पोथींत तें मधूनच बदललें, तर हात बदलल्याचा संशय घेण्यास जागा होते. नुसतें 'वळण निराळें दिसतें' असें म्हणण्यापेक्षां हें मोजतां येतें, एवढा त्याचा लाभ.

याहून उपयोगी खूण बोरूच्या झिजण्याची. बोरू कितीही कठीण असला तरी लिहितां लिहितां टोंक बसत जातें व रेघ हळूहळू रुंदावते. मग लेखक पुन्हां छाट देतो, आणि पुढची ओळ एकदम बारीक व तीक्ष्ण उतरते. भिंगाखालीं पाहतां पोथीभर ही भरती-ओहोटी दिसते. निष्णात लेखक वरचेवर हलकी छाट देऊन ती लपवितो, सामान्य लेखकाच्या पोथींत ती उघड असते. एखादें पान मागाहून घातलेलें असल्यास या क्रमांत खंड पडतो. मागचें पान जाड रेघेवर संपतें, संशयित पान मध्यम जाडीनें सुरू होतें, आणि त्याच्या पुढचें पान पुन्हां त्या पहिल्या जाडीवरून चालूं लागतें. आम्हीं दोन पोथ्यांतील बदललेलीं पानें केवळ या एका खुणेवरून ओळखलीं. मजकुरावरून तीं ओळखूं आलीं नसतीं, कारण नक्कल प्रामाणिक होती.

या विषयावर मराठींत लेखच नाही असें नाहीं. समर्थ रामदासांच्या (१६०८–१६८२) दासबोधांत एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास लेखनक्रियेवरच आहे. तो नीतिपर म्हणून वाचला जातो. आम्हांस तो कारखानदाराची यादी वाटतो. देशोदेशींचे मजबूत, बारीक व सरळ बोरू जमवावे, तोडण्याचीं व रेखाटण्याचीं साधनें ठेवावीं, हिंगूळ व शाईचा सांठा असावा, फळ्या घोटाव्या, मेणकापडें, पेट्या व कुलुपें असावीं, येथपर्यंत तपशील आहे. पानाच्या चहूं बाजूंस जागा सोडण्यास सांगितलें आहे, तें शोभेकरितां नव्हे. हाताळून कागदाचे कांठ झडले तरी अक्षर वांचावें, हा हेतु. आणि सारा ग्रंथ एकाच टांकानें लिहिल्यासारखा दिसावा ही जी अपेक्षा तेथें आहे, तिचा अर्थ वर सांगितलेली झीज ज्यानें अनुभविली त्यासच पुरता कळेल. येथें 'टांक' म्हणजे लेखणी, म्हणजेच बोरू. पुढें हा शब्द पोलादी टोंकाच्या लेखणीस चिकटला, म्हणून सतराव्या शतकांतील मजकुरांत तो दिसतांच कोणी विलायती टाक डोळ्यांपुढें आणूं नये.

आतां शाई. आपल्याकडील शाईचे मुख्य वर्ग दोन. पहिली काजळाची : तिळाच्या तेलाच्या दिव्यावर मडकें उपडें धरून जमविलेलें काजळ, बाभळीच्या किंवा धावड्याच्या डिंकाच्या पाण्यांत दिवसेंदिवस खलून केलेली. कांहीं पाककृतींत बीजाबोळही येतो. दुसरी हिराकसाची : माजूफळ किंवा हिरडा यांचा काढा व हिराकस यांच्या संयोगानें काळी होणारी. मिश्र पाककृतीही पुष्कळ आहेत. मुनि पुण्यविजयजींनीं जैन लेखनकलेवरील आपल्या गुजराती निबंधांत अशा अनेक संग्रहित केल्या आहेत, त्या जिज्ञासूंनीं अवश्य पाहाव्या. या दोन वर्गांचे स्वभाव परस्परविरुद्ध आहेत. काजळ कधीं विटत नाहीं, कागदासही इजा करीत नाहीं. पण तें डिंकानें नुसतें पृष्ठभागावर चिकटलेलें असतें. हिराकसी शाई कागदाच्या तंतूंत शिरते, पाण्यानें सहसा निघत नाहीं. परंतु कालांतरानें तपकिरी होते, आणि कागद आंतून खाते, इतकी कीं कधीं कधीं अक्षराच्या जागीं अक्षराच्या आकाराचें भोंकच उरतें.

आमचा प्रमाद येथेंच घडला. सुमारें चाळीस वर्षांपूर्वी, नोकरीच्या आरंभीं, एका खेड्यांतील घराण्यानें भागवताची एक पोथी विश्वासानें आमच्या हवालीं केली. पानें मातीनें मळलेलीं होतीं. जी शाई एवढा काळ टिकली तिला ओल्या फडक्यानें काय होणार, असा आम्हीं विचार केला, आणि सर्वांत मळलेलें म्हणून शेवटचें पान प्रथम घेतलें. फडक्याबरोबर ओळीच्या ओळी निघून आल्या. पुष्पिकेंत शक होता, लेखकाचें नांव होतें, गांवाचें नांव होतें. शकाचे पहिले दोन अंक तेवढे राहिले. मालकांस आम्हीं झालें तें सांगितलें. ते एवढेंच म्हणाले, "गुरुजी, तुम्ही जाणते, म्हणून दिली होती." पुढें पुष्कळ वर्षांनीं तें पान आम्हीं जाणकारांस दाखविलें. हिराकसी शाई फिकी झाली असल्यास अतिनील प्रकाशांत ती बहुधा वाचतां येते. काजळाची शाई धुवून गेल्यावर मागें कांहींच राहत नाहीं, असें उत्तर मिळालें. जुन्या लेखकांनीं पोथीच्या अखेरीस पाण्यापासून रक्षण करण्याची विनवणी वारंवार केली आहे. आम्हीं ती वर्गांत विद्यार्थ्यांस कौतुकानें वाचून दाखवीत असूं. तिच्यांत शाईची पाककृतीच सांठविली आहे हें आम्हांस तेव्हां उमगलें नव्हतें.

म्हणून शाईची परीक्षा पाण्यानें कदापि करूं नये. पान उलटून पाहावें : मागील बाजूस अक्षर तपकिरी उमटलें असेल, किंवा अक्षराभोंवतीं तपकिरी झांक असेल, तर शाई हिराकसी. अक्षर दाट काळें, किंचित् चकाकणारें व मागें मुळींच न उतरलेलें असेल, तर काजळाची. अवरक्त छायाचित्राची सोय असल्यास काजळ त्यांत काळेंच राहतें आणि हिराकसी शाई पुसट होते.

काजळाची शाई वर वर राहते यास कागदही कारण आहे. जुन्नर, दौलताबादेजवळील कागजीपुरा इत्यादि ठिकाणच्या कागद्यांचा कागद जुनीं तरटें, दोर, चिंध्या चुनखडींत कुजवून व कुटून केलेला असे. लगदा गवताच्या काड्यांच्या चटईवर उचलीत. ही चटई घोड्याच्या केसांनीं विणलेली असे, म्हणून पान उजेडासमोर धरलें कीं काड्यांच्या जवळ जवळ रेघा व त्यांना छेदणाऱ्या शिवणीच्या विरळ रेघा दिसतात. वाळलेल्या तावास खळ देऊन गुळगुळीत दगडानें तासन् तास घोटीत, तेव्हां तो लिहिण्यायोग्य होई. घोटल्यानें छिद्रें मिटतात, बोरू अडखळत नाहीं, शाई फुटत नाहीं. चुकलेलें अक्षर ओल्या बोटानें पुसतां येई. खळीमुळें कसर लागते हा त्याचा दोष. पाश्चात्य हातकागदाच्या रेघा धातूच्या तारांच्या, म्हणून फार सारख्या असतात, आणि १७९४ नंतरच्या इंग्रजी कागदाच्या जलचिन्हांत पुष्कळदां वर्षही मिळतें. डार्ड हंटर या अमेरिकन गृहस्थानें या देशांत हिंडून हातकागदावर १९३९ मध्यें ग्रंथ प्रसिद्ध केला. आपल्याच कागद्यांची हत्यारें आपणांस त्याच्या चित्रांतून पाहावीं लागतात.

पोलादी टोंकें बर्मिंगहॅम येथें यंत्रानें मोठ्या प्रमाणावर निघूं लागलीं तीं एकोणिसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकाच्या सुमारास. त्यांची खूण अशी कीं, दाब पडतांच टोंकाचे दोन दांत फांकतात व रेघेच्या दोन्ही कडांस दोन बारीक चर पाडितात; त्या चरांत शाई अधिक सांठते. बोरूची रेघ सपाट असते. कांहीं वर्षांपूर्वी एका गृहस्थांनीं शिवकालीन म्हणून एक सनद आणिली. घराण्याच्या इतिहासांत ती छापावयाची होती. कागद खरोखर जुना, चटईच्या रेघा स्पष्ट. परंतु दिवा बाजूनें धरतांच अक्षरोअक्षरीं ते दोन चर दिसले. शिवाय घडीच्या भेगेंत शाई उतरली होती, म्हणजे कागद घडी पडून जीर्ण झाल्यावर लेखन झालें. जागोजाग शाई फुटलीही होती, कारण खळ व घोटाई केव्हांच मेली होती. मोडींत लेखक प्रथम ओळभर शिरोरेघ ओढून मग अक्षरें लटकवितो, म्हणून अक्षराची शाई रेघेच्या वर असावी. येथें कांहीं ठिकाणीं उलट दिसलें. एवढ्या एकट्या खुणेवर आम्हीं निर्णय दिला नसता, परंतु चारी खुणा एकाच दिशेस बोट दाखवीत होत्या. गृहस्थ रुष्ट झाले. सनद मात्र त्यांनीं छापली नाहीं.

उलट बाजूही सांगितली पाहिजे. बोरूचें अक्षर, काजळाची शाई व घोटींव कागद हीं तिन्ही जुळलीं, तरी लेख जुना ठरत नाहीं. खेड्यापाड्यांतून बोरू विसाव्या शतकांतही चालूच होता. साधनांवरून 'याच्या आधींचें असूं शकत नाहीं' एवढें बहुधा म्हणतां येतें, 'याच वर्षाचें' असें म्हणतां येत नाहीं. त्या भागवताच्या पोथीचा काळ या सर्व खुणांवरून ठरविण्याचा आम्हीं पुष्कळ यत्न केला. शंभर वर्षांच्या आंत तो आणतां आला नाहीं.

दफ्तरें गोळा करितांना रुमालाबरोबर कलमदान, वाळलेली दौत, तींतील कापसाचा बोळा, झिजलेला बोरू किंवा ओळी उठविण्याची दोऱ्यांची पाटी मिळाल्यास ती त्याच घराण्याच्या कागदांशेजारीं, त्याच क्रमांकाखालीं नोंदवावी व दौत धुवूं नये. वाळलेल्या बोळ्यांतील शाईचा तिळाएवढा कण त्या घरच्या कागदांवरील शाईशीं ताडून पाहतां येतो, आणि झिजल्या बोरूच्या टोंकाची रुंदी शेवटच्या कागदांतील जाड रेघेशीं मोजून पाहतां येते.